मीटर लागतंय कुनाला?

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये सोलर पॅनेल तयार झालं, की ते उन्हात ठेवून किती व्होल्ट देतं ते मीटरनं मोजतात. तपासणीवरचे बबनमामा मीटरला हात लावत नसत. उजवा हातमोजा दातांनी ओढून काढायचे, तळवा काचेवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं सांगायचे, "साडेएकोणीस."

आम्ही मीटर लावायचो. साडेएकोणीसच!

"मीटर लागतंय कुनाला?" हे त्यांचं पालुपद. हिशोब सोपा होता. "एका पॅनेलात छत्तीस सेल. दर सेलाला अर्ध्या व्होल्टाच्या जरा वर. झाले एकवीस. काच तापली की दीड खाली, लई तापली तर दोन. मीटर आकडा सांगतंय, हात कारन सांगतोय."

मामा तिरसट. डबा शेडमागे एकटेच खायचे. चहाला बोलावलं तर, "आमी येत न्हाई." चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, वीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेले. माणसाला शहाणपणाचा माज आहे, असं आम्ही म्हणायचो. म्हणण्यात मी सगळ्यांत पुढे.

मग नवे सुपरवायझर आले. त्यांनी कागदच लावला : प्रत्येक पॅनेल मीटर लावूनच तपासायचं. मामांना म्हणाले, "जमत नसेल तर सोमवारपासून येऊ नका."

"मी न्हाई धरनार मीटर," मामा म्हणाले. "माजा आकडा चुकला तर सोमवार कशाला, आजच जातो."

दहा पॅनेलं उन्हात मांडली. मामा आकडा सांगत, मी मीटर लावी. नऊ बरोबर आली. दहाव्याला मामा म्हणाले साडेएकोणीस. मीटरनं दाखवलं पावणेदहा.

सगळी शेड हसली. मी तर खदाखदा हसलो.

"नीट लावलं नसंल," मामा म्हणाले.

साहेबांनी मीटर त्यांच्यापुढे धरलं. "मग तुम्हीच लावा."

मीटरला दोन वायरी, एक लाल, एक काळी. दोन्ही हातांच्या चिमटीत एकदमच दाबून धराव्या लागतात. मामांनी डावा हातमोजा ओढून काढला. त्यातून कापसाचे बोळे खाली पडले. हाताला अंगठा होता, बोट एकही नव्हतं. चारही प्रेस मशीननं नेली होती.

"बघा की," मामा साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "नीट बघा, मग घरी पाठवा."

त्यांचे ते एकट्यानं खाल्लेले डबे आठवले आणि माझी मलाच लाज वाटली. मी पुढे झालो, लाल वायर धरली. काळी मामांनी टेकवली. पावणेदहाच.

"निम्मं पॅनेल झोपलंय. मागच्या डबीतला डायोड गेला असंल, खोला." खोललं. डायोड गेलेलाच होता. "हे हाताला कळत न्हाई. हितं मीटर लागतंय," मामांनी कबूल केलं आणि साहेबांकडे वळले. "पन दोन्ही वायरी एकाच मानसानं धरायच्या, आसं तुमच्या कागदात कुटं लिवलंय?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. लिहिलं नव्हतं.

सोमवारी मामा आले. आकडा अजूनही आधी तेच सांगतात, मग ओरडतात, "लाल!" मी हातातलं काम टाकून जातो.

त्या सोमवारी दुपारी मी माझा डबा घेऊन शेडमागे गेलो. "हितं ऊन लई हाय, तू आत जा," मामा गुरगुरले. गुडघ्यांत डबा दाबून झाकणाशी झटत होते. मी डबा धरला. झाकण त्यांनी काढलं.