झिपराईचा गाळ

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण रेंज होती. त्यामुळे तिथल्या प्राण्यांचं बरं चाललं होतं.

नीट बसा. पाय हलवू नका. खिशातलं खिशातच राहू द्या.

त्या जंगलात एक झरा होता. झऱ्याभोवती दाट झाडी होती आणि झाडीत शेंदूर फासलेला एक दगड होता. तो दगड म्हणजे झिपराई. तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही अशी रीत होती. घ्यायची वेळ आलीच तर 'तिकडची' म्हणायचं आणि कान पकडायचे. ज्यांचे कान हाताला लागत नाहीत त्यांनी शेपटी पकडायची.

तिकडची फार कडक. झाडीतली काटकी कुणी उचलली तर ती झिपऱ्या सोडून येते, पायांना केस गुंडाळते आणि ओढत नेते, हे सगळ्यांना दूध पीत असल्यापासून ठाऊक होतं. वैशाखात प्रत्येकानं झऱ्यातला दहा टोपल्या गाळ काढायचा. नाही काढला तर तीच शिक्षा. सगळे कुरकुरायचे, पण काढायचे. वाघोबासुद्धा काढायचे. झरा बाराही महिने वाहायचा.

टोपल्या मोजायला अस्वलमावशी उभी असायची. तिची गुहा दगडाच्या शेजारीच होती. गुडघे दुखत, तरी वैशाख लागला की ती उजाडल्यापासून टोपली घेऊन हजर. हा झरा तिच्या आईनं तिच्या हवाली केला होता. आपल्या हयातीत तो आटू नये, एवढीच तिची इच्छा होती.

एके दिवशी तालुक्याहून एक उदमांजर आलं. ते दोन वर्षं एका कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर राहिलं होतं. खाली बसलेली मुलं जे शिकली नाहीत ते हे वरून शिकलं. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "आता जंगलाचा स्वतःचा गेम येणार. राजे, राक्षस, तलवारी. शंभर लेव्हली."

"कधी येणार?" सशानं विचारलं.

"नावांपाशी अडलंय. नावाला मूळ पाहिजे. नुसतं 'मोठा राक्षस' म्हटलं तर कोण घाबरणार?"

मुळांचं काम साळिंदर मास्तरांकडे होतं. मास्तर विद्वान होते. पाठीवर चारशे लेखण्या बाळगणारं दुसरं कुणी जंगलात नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी जुन्या नावांची मुळं खणून काढली होती, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. उदमांजर दारात येऊन "सर" म्हणालं तेव्हा त्यांचे सगळे काटे एकदम उभे राहिले. आनंदानं.

"कालकूट," मास्तरांनी सुरुवात केली. "समुद्रमंथनातून निघालेलं विष. त्याच्या नुसत्या वाफेनं तिन्ही लोक पोळले."

"झकास. हे प्यायलं की पन्नास जीव वाढतील."

"अहो, विष आहे ते."

"सर, निळी बाटली पडद्यावर उठून दिसते. पुढचं सांगा."

"शतघ्नी. एका माऱ्यात शंभर जणांना लोळवणारं शस्त्र."

"बारा करू. शंभर मेले तर गेम लवकर संपेल."

सातवाहन हे गोदावरीकाठचं जुनं राजघराणं, असं मास्तरांनी तासभर समजावून सांगितलं. उदमांजरानं मान डोलावली आणि त्याची सात चाकांची गाडी केली. मास्तरांनी अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली 'नाव अस्सल, दोन हजार वर्षांपूर्वीचे' अशी पाटी झळकली, तेव्हा त्यांना पुन्हा भूक लागली.

मग उदमांजर म्हणालं, "सर, शंभराव्या लेव्हलला एक राक्षसीण पाहिजे. नाव ऐकूनच अंगावर काटा आला पाहिजे."

मास्तरांच्या अंगावर काटा कायमचाच, त्यामुळे त्यांना अंदाज येईना. बऱ्याच वेळानं त्यांनी कान पकडले आणि हळूच म्हणाले, "एक नाव आहे. पण ते कुणी घेत नाही."

"मग तेच पाहिजे."

मास्तरांनी ते नाव दिलं. पण फुकट नाही. त्यांची अट होती. या नावाचं खरं मूळ त्यांना ठाऊक होतं आणि ते जगाला सांगायचं होतं. झिपराई राक्षसीण नव्हती, देवीही नव्हती. ती एक अस्वलीण होती, आपल्या अस्वलमावशीची आजी. दिवसभर झऱ्यातला गाळ उपसायची, म्हणून तिला केस विंचरायला सवड नसे. मोठ्या दुष्काळात तिनं एकटीनं झरा खोल केला आणि सगळं जंगल जगवलं. गाळ काढला नाही तर झरा बुजतो, हेही मास्तरांनी स्पष्ट लिहिलं. चार पानं झाली. खाली तळटिपा.

"शेवटच्या लढाईच्या आधी ही चारही पानं आली पाहिजेत," मास्तर म्हणाले.

उदमांजर दिलदार होतं. त्यानं एक अक्षर कापलं नाही. फक्त पानाच्या कोपऱ्यात एक छोटं बटण ठेवलं. बटणावर लिहिलं होतं, 'पुढे चला'.

गेम आला आणि जंगल वेडं झालं. हरणं चरता चरता खेळू लागली. माकडं चार हातांनी खेळू लागली. वाघोबा तिसऱ्या लेव्हलला अडकले. राजाला हरणं शोभत नाही, म्हणून तिसरी लेव्हल काढूनच टाकली. त्या जंगलात अजूनही दोननंतर चार मोजतात.

अस्वलमावशीला गेमची खबर सशाकडून लागली. तो तिच्या गुहेच्या तोंडाशी बसून खेळत होता. तिनं डोकावून पाहिलं. पडद्यावर सात हातांची, गुडघ्यापर्यंत जीभ लोंबणारी एक बाई किंचाळत होती.

"कोण रं ही?"

"झिपराई," ससा म्हणाला. कान न पकडता. "एकवीस वेळा मारलीय मी हिला."

मावशी बघत राहिली. "माज्या आजीला दोनच हात हुते," ती म्हणाली. "आन् दोन्ही हातांत टोपली असायची."

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ससा तोवर बाविसाव्यांदा मारायच्या तयारीला लागला होता.

ती तशीच दुखऱ्या गुडघ्यांनी मास्तरांकडे गेली. उदमांजरही तिथंच बसलं होतं.

"तेवडं नाव काढा," ती म्हणाली. "वैशाख तोंडावर आलाय. भ्या गेलं तर गाळाला कोन येनार?"

"मावशी, उलट तुमच्या आजीचं नाव घराघरांत पोचलं," उदमांजर म्हणालं.

"आणि खरी हकिकत मी दिली आहे," मास्तर म्हणाले. "आजवर लोक भीतीनं यायचे. आता वाचून, समजून येतील. ती पानं उघडल्याशिवाय लढाईच सुरू होत नाही."

मावशीला लिहितावाचता येत नव्हतं. शिकलेला माणूस एवढ्या खात्रीनं सांगतोय म्हटल्यावर ती गुहेकडे परत फिरली.

वैशाख लागला. मावशी झऱ्यावर टोपली घेऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रानडुकराला वाटेत गाठलं.

"तिकडची रागावंल रं."

"रागावून काय करणार? केस गुंडाळणार पायाला?" रानडुक्कर म्हणालं. "त्याच्यावर उपाय आहे. उजवीकडं उडी मारायची आणि मानेवर घाव घालायचा."

एवढं बोलून त्यानं मोबाइल टेकवायला झाडीतली एक फांदी मोडली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी वीस जण फांद्या मोडायला आले.

मावशी एकटी गाळ काढत राहिली. एका अस्वलाचा गाळ तो कितीसा निघणार? वैशाख सरता सरता झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी झाली. मग नुसता चिखल उरला.

आता मात्र सगळ्यांचे घसे कोरडे पडले. सगळे मास्तरांच्या दारात जमले. "मास्तर, झरा आटला. काहीतरी उपाय सांगा."

मास्तरांनी चष्मा पुसला. या क्षणाची ते जन्मभर वाट बघत होते. "उपाय लिहून ठेवलेला आहे. तुमच्याच हातात आहे. शंभरावी लेव्हल, चार पानं."

सगळे खाली बसले आणि मोबाइलवर तुटून पडले. शंभरावी लेव्हल आली. पानं उघडली. आणि मुलांनो, सगळ्यांचे अंगठे आपोआप कोपऱ्यात गेले. पुढे चला. सवयच ती. मग समोर झिपराई आली. समोर आली म्हटल्यावर तिला मारणं भाग होतं. उजवीकडं उडी, मानेवर घाव. ती पडली, तुतारी वाजली आणि बक्षीस म्हणून पडद्यावर एक झरा धो धो वाहू लागला.

सगळे त्या झऱ्याकडे बघत बसले. सशानं पडदा चाटून पाहिला.

"एकानंही वाचलं नाही?" मास्तरांनी उदमांजराला विचारलं. 

उदमांजरानं आकडे पाहिले. "एकानं अर्धा तास पान उघडं ठेवलं होतं, सर."

मास्तरांचा चेहरा उजळला. "कोण तो?"

"वाघोबा. त्यांना झोप लागली होती."

त्या दिवशी मास्तर लेखण्या खाली पाडून झऱ्यावर गेले. मावशी चिखलात बसून ओंजळीनं गाळ उपसत होती. मास्तरांनी टोपली उचलली. चार टोपल्यांत त्यांची कंबर धरली.

"माझं चुकलं, मावशी," ते म्हणाले. "पण मी खरं तेच लिहिलं होतं."

"खरंच लिवलं. पर निम्मंच." मावशीनं हात धुवायला पाणी शोधलं. ते नव्हतं. "आजी मेल्यावर पयल्या वैशाखात कोनीबी आलं न्हवतं. समद्यांस्नी ठावं हुतं तिनं काय केलं. रडलीसुदिक समदी. पर गाळाला कोन न्हाई. मग माज्या आयनं ती केसांची गोष्ट उठवली. फुडच्या साली झाडून समदी हजर."

मास्तरांनी हातातली टोपली खाली ठेवली. चाळीस वर्षं खणून हे मूळ त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

मावशी उठली आणि थेट उदमांजराकडे गेली. मागोमाग कंबर धरून मास्तरही गेले. तेही जीभ बाहेर काढून पडलं होतं.

"ह्यांस्नी आता कशाचं भ्या वाटतं रं?"

उदमांजरानं विचार केला. "लेव्हली जाण्याचं."

"मग लिव. धा टोपल्या गाळ काडला न्हाई त्याच्या समद्या लेव्हली पुसल्या जातील."

"पण मावशी, मला तशा पुसता येत नाहीत."

"येत न्हाईत हे त्यांस्नी ठावं हाय का?"

"नाही."

"मग झालं तर."

उदमांजर टाइप करू लागलं आणि थांबलं. "कोण पुसणार म्हणून लिहू? नावाशिवाय कुणी घाबरत नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. मावशीनं हात वर केला. "तुमी गप बसा, मास्तर. आजीचं नाव परत नगं. मारून मारून पार चोथा केला त्याचा." तिचे डोळे भरले. पण ती वेळ रडायची नव्हती. "लिव, लेव्हलाई."

"पण त्या नावाला मूळच नाही," मास्तर कळवळून म्हणाले.

"पानी आलं की धरंल मूळ."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत झऱ्यावर रांग लागली. सगळ्यांनी दहा दहा टोपल्या काढल्या. रानडुकरानं पंधरा काढल्या. वाघोबांनी वीस काढल्या आणि त्याची लेखी पावती मागितली. पाचव्या दिवशी तळातून बुडबुडा आला. सहाव्या दिवशी मावशीनं ओंजळभर पाणी घेतलं, आजीच्या दगडावर घातलं आणि मग स्वतः प्यायली.

या गोष्टीला फार वर्षं झाली. मावशी गेली. मास्तर गेले. पुढं रेंजही गेली, आणि मोबाइल म्हणजे काय हे सांगणारं कुणी उरलं नाही. पण झरा वाहतो आहे. त्याच्या काठी एक नवा दगड आहे, शेंदूर फासलेला. ती लेव्हलाई. तिचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. गाळ काढला नाही तर ती येते आणि तुमच्या लेव्हली पुसून टाकते. लेव्हली म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. चितळांना वाटतं, अंगावरचे ठिपके. वाघांना वाटतं, पट्टे. त्यामुळे वैशाखात कुणी घरी बसत नाही.

मास्तरांच्या पणतवानं अलीकडेच सिद्ध केलं आहे, की लेव्हलाई हे नाव तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्याचा ग्रंथ सहाशे पानांचा आहे आणि तो घरोघरी पाटावर ठेवून पुजतात.

जुना दगड कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नाही. त्यावर आता गाळाच्या टोपल्या टेकवतात. मला वाटतं, झिपराईची त्याला काही हरकत नसती.

तात्पर्य : मुलांनो, खोटं बोलू नये असं तुम्हाला शाळेत शिकवतात, ते बरोबरच आहे. एकट्यानं खोटं कधीही बोलू नये. ते सर्वांनी मिळून, शेंदूर लावून, पिढ्यान्पिढ्या बोलावं, म्हणजे झरे वाहतात. खरं मात्र चार पानांत, तळटिपांसह नीट लिहून ठेवावं. तिथं त्याला कुणी हात लावत नाही. आणि ज्या मुलांनी गोष्ट सोडून थेट इथं उडी मारली असेल, त्यांनी मुकाट्यानं उठून दहा टोपल्या गाळ काढावा. लेव्हलाई बघते आहे.