एकच मुक्काम, चार पंगती

देविदासनं हिशेब पक्का करून ठेवला होता. सायकलवाल्यांचा मुक्काम आपल्या पळसवाडी तांड्यावर पडला, की त्याला चार गोष्टी मिळणार होत्या. गोठ्याच्या जागी केलेल्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक. तांड्याला नकाशावर ठिपका. सासुरवाडीच्या लग्नात पुढच्या रांगेतली खुर्ची. आणि चौथी म्हणजे, बायको चंदाबाई एकदा तरी चारचौघांत म्हणणार होती, "यांचं बराबर होतं!" ही चौथी नक्की मिळत असती, तर पहिल्या तिन्ही त्यानं हसत सोडल्या असत्या.

खोल्यांवरून तर घरात उभा दावा चालू होता. तिथं आधी चंदाबाईची म्हैस राहायची. देविदासनं तिला लिंबाखाली बांधलं, आत फरशी बसवली, भिंतींना गुलाबी रंग दिला. म्हशीनं निषेध म्हणून दूध निम्म्यावर आणलं. मग चंदाबाईनं शेवटचं सांगितलं, "होळीपर्यंत पाहुणा दिसला तर ठीक. न्हाई तर म्हैस आत, अन् तुमी लिंबाखाली!"

तेवढ्यात देव पावला. संभाजीनगरच्या एका सायकल मंडळाच्या शितल मॅडमला नवा फेरा आखायचा होता. हिंगोलीहून निघायचं, नरसीला नामदेवांचं दर्शन घ्यायचं, मग सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडेनं मुक्कामाला, आणि दुसऱ्या दिवशी औंढ्याचं जुनं देऊळ. "आमच्या दोन अटी," मॅडम फोनवर म्हणाल्या. "रस्ता मोकळा पाहिजे, आणि मुक्काम एकाच ठिकाणी. आधी आम्ही पाच जण फेरी मारून बघतो. आवडेल ती जागा कायमची."

"तुमी फक्त या, मॅडम! रस्ता असा आरशासारखा करून ठेवतो!" देविदास म्हणाला.

आता या दिवसांत आमच्याकडं डांबरी रस्ता वाहनांसाठी असतो, असं फक्त वाहनांनाच वाटतं. एका बाजूला हरभरा पसरलेला, दुसऱ्या बाजूला उकडलेली हळद वाळत पडलेली, आणि मधल्या वीतभर जागेत एखादी शेळी. 'रस्ता मोकळा करा' म्हणून कलेक्टर आले तरी त्यांना आधी चार पोती भरू लागावं लागेल. म्हणून देविदासनं डोकं चालवलं. इथंच सगळं बिघडलं.

तो आधी गेला लिंबगव्हाणला, सरपंच मिराबाईंकडं.

"मिराक्का, शहरातले मोठे लोक येऊन राहिलेत. सायकलीवर."

"मोठे लोक सायकलीवर काहून येतील? गाडी बंद पडली का?"

"न्हाई हो! माणूस लय मोठा झाला, की पुन्हा सायकलीवर येतो."

मिराबाईंना हे पटलं. त्यांनी मोठी माणसं कमी पाहिली होती का?

"त्यांचा मुक्काम तुमच्याच गावात टाकायचं माझ्या मनात हाय," देविदास आवाज उतरवून म्हणाला. "फक्त तेवढा हरभरा उचला. अन् कुणाला बोलू नका. पलीकडचं गाव पाहुणे पळवील!"

हेच त्यानं खडकी तांड्याच्या उत्तमसिंग नाईकांना सांगितलं. तिथली हळद उचलली गेली. हेच देवधानोऱ्याच्या रुक्माबाईला सांगितलं; तिच्या बचत गटातल्या बायकांनी रस्ता नुसता मोकळा नाही केला, झाडून वर सडा टाकला! तिन्ही गावांनी तोंड असं मिटून ठेवलं, की मतदानाच्या आदल्या दिवशीसुद्धा इतकी गुप्तता नसते. मुक्काम एकच आणि यजमान चार, ही बाब देविदासला थोडी खटकली होती. पण मनाशी म्हणाला, पाहुणे काय, सायकलवर. भुर्रकन निघून जातील. लोक हात हलवतील, संपलं!

पाहुणे आले. पुढं मोटारसायकलवर देविदास, मागं पाच सायकली. लिंबगव्हाणच्या वेशीत कमान, कमानीखाली बँड, बँडच्या मागं अख्खं गाव. पाचही जणांना उतरवून शाल, नारळ आणि फेटा! फेटे हेल्मेटवरच बांधले. शितल मॅडमचं डोकं पाण्याच्या रांजणाएवढं झालं. लगेच पंगत. पुरणपोळी, त्यावर तुपाची धार.

"बस, बस," मॅडम म्हणाल्या.

पाहुण्यानं 'बस' म्हणणं म्हणजे लाजणं, असं आमच्याकडं समजतात. आणखी दोन पोळ्या पडल्या. निघताना मिराबाईंनी देविदासला बाजूला घेतलं. "हे निघाले कुठं? गाद्या टाकल्यात ना!"

"जरा पाणी बघून येतात, आक्का. सांजच्याला हितंच!"

खडकी तांड्यावर आरशांच्या ओढण्या लेवून बाया रांगेत उभ्या. पुन्हा शाल, पुन्हा नारळ, आणि पितळी पराती भरून लापशी.

"देविदासभाऊ," मॅडम कानाशी लागल्या, "आम्ही आत्ताच जेवलो, असं सांगा ना यांना."

देविदासनं सांगितलंही असतं. पण सांगायचं तर लिंबगव्हाणचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते ऐकून उत्तमसिंगनं देविदासचीच लापशी केली असती. तो म्हणाला, "मॅडम, न्हाई म्हटलं तर त्यांच्या मनाला लागतं." आणि स्वतः मुकाट्यानं पान मांडून बसला. वाटाड्याला सोडतं कोण?

"नाईक, आमचं मुक्कामाचं बघा," जाताना तो वर आणखी म्हणाला. काय करता, सवय!

देवधानोऱ्याला वरण-बट्टी होती. पाचांत दिपक नावाचे एक बँकेतले साहेब होते. एरवी बदामसुद्धा मोजून खाणारे. त्यांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं. रुक्माबाईनं प्रेमानं हात उचलले, खाली बट्टी ठेवली, वर तूप ओतलं आणि हात परत जागेवर ठेवले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, कसं मन भरून आलं!" रुक्माबाई म्हणाली आणि आणखी एक बट्टी ठेवली.

तिथून पुढं एक वाट माळावरून पळसवाडीला जाते आणि दुसरी घाटातून धरणाकडं उतरते. पाचही जणांच्या अंगावर तीन-तीन शाली, डोक्यावर फेट्यावर फेटा, आणि सायकलीला मिळेल तिथं नारळ लटकलेले. लांबून पाहिलं तर पाच लग्नाचे मांडव स्वतःच्या पायांनी चालल्यासारखे! देविदासला वाटलं, आता आपलाच तांडा. त्यानं गाडी दामटली आणि पुढं जाऊन वर्दी दिली.

पळसवाडीत नगारा वाजायला लागला. चंदाबाई ओवाळणीचं ताट घेऊन वेशीत आली.

"कुठं हायत पाहुणे?"

"मागंच हायत!" देविदास ऐटीत म्हणाला.

धुरळा खाली बसला. चंदाबाईनं मान वाकडी करून पाहिलं. "मागं तर आपली म्हैस हाय."

देविदासनं गाडी तशीच वळवली. घाटात पहिल्या वळणावर एक नारळ पडला होता. दुसऱ्या वळणावर दोन. पुढं शाल. त्या खुणांवरून तो खाली पाण्यापर्यंत गेला. धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात तिकडं टरबुजं लावतात. तशा एका वाडीच्या खोपीसमोर पाच सायकली आडव्या, आणि सावलीत पाच माणसं आडवी, फेटे उशाला घेऊन. शेजारी वाडीचा मालक, जळबा, बिडी ओढत बसलेला.

"जळबा! हे काय?"

"मला काय इचारतो? आले अन् पडले."

"तू यांना काय दिलंस?"

"मी काहून देऊ? मी म्हटलं, टरबुजाला हात लावायचा न्हाई. तर ती बाई म्हणाली, 'काका, शप्पथ, आम्ही काहीच खाणार नाही!' अन् रडायलाच लागली."

देविदास त्यांना उठवणार, तोच वरून ट्रॅक्टरचा आवाज आला. पाहुणे परतले नाहीत म्हणून लिंबगव्हाण गाद्यांसकट शोधायला निघालं होतं. त्यांच्या मागं उत्तमसिंगचा टेम्पो. त्याच्या मागं रुक्माबाईचा सबंध बचत गट, उरलेल्या बट्ट्यांचं पातेलं घेऊन. आणि दुसऱ्या बाजूनं नगारा वाजवत पळसवाडी!

"देविदास, मुक्काम आमचा म्हणाला होतास ना?" मिराबाई.

"आमचा!" उत्तमसिंग.

"झाडून सडा टाकला आमी!" रुक्माबाई.

चंदाबाईनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली. देविदासला त्यापेक्षा ट्रॅक्टरखाली जाणं सोपं वाटलं.

गलबल्यानं शितल मॅडम उठून बसल्या. समोर गाद्या, पातेलं, नगारा. दिपक साहेबांनी पातेलं पाहिलं आणि शाल तोंडावर ओढून घेतली.

"मॅडम, तुमीच सांगा," मिराबाई म्हणाल्या. "मुक्काम कुठं?"

"इथंच," मॅडम म्हणाल्या.

"जळबाकडं?" चारही गावं एका सुरात ओरडली. "त्यानं तुमाला दिलं काय?"

"काहीच नाही!" मॅडम हात जोडून म्हणाल्या. "सबंध दिवसात याच एका माणसानं आम्हाला काही दिलं नाही!"

"अन् मला इचारलं का कुणी?" जळबा करवादला. "झोपायचं तर झोपा. मी चूल पेटवणार न्हाई. सत्कार करणार न्हाई. अन् मोटारसायकल हितं आणायची न्हाई, वेल तुडवले जातात!"

मॅडमचा चेहरा असा उजळला, की त्याच्यापुढं नरसीचं दर्शन फिकं पडावं.

मग पहिल्यांदाच चंदाबाई पुढं आली. "जेवणाचं कसं, ताई?"

पाचही जण दचकले.

"साधं पिठलं-भाकर पाठवीन. एकदा वाढून झालं, की पुन्हा तुमी मागितलं तरी देणार न्हाई!"

पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. सौदा जागेवर पक्का झाला.

आता शेवटचा हिशेब ऐका. लिंबगव्हाणचं पुरण, खडकीची लापशी आणि देवधानोऱ्याचं तूप गेलं ते गेलंच. पण तिन्ही गावांनी परत जाताना घाटातले नारळ आणि शाली वेचून नेल्या, म्हणजे त्यांचं फार बुडालं असं नाही. जळबाची टरबुजं जागेवर खपायला लागली. म्हैस गुलाबी खोलीत गेली आणि खुशीनं दूध द्यायला लागली. चंदाबाईला दर शनिवारच्या मुक्कामाचं गिऱ्हाईक लागलं.

राहिला देविदास. तांडा माळावर, वाडी पाण्याकाठी, आणि मोटारसायकलला बंदी. तेव्हा पिठल्याचे डबे दोन्ही बाजूंना लटकवून खाली नेतो तो, सायकलीवर. उतारापर्यंत काही वाटत नाही. परत येताना मात्र घाट आहे. सगळ्यांचा खर्च वसूल झाला, तो कुणाच्या पोटऱ्यांतून, ते शनिवारी संध्याकाळी त्या चढावर जाऊन त्यालाच विचारा. उत्तराला जरा थांबावं लागेल. दम लागलेला असतो!