अबाहंची आगाऊ खुर्ची

बोगोरच्या पावसात अंगणात ठेवायला कोणती खुर्ची घ्यावी, हे जर कुणाला कळत असेल तर ते मला! छाती ठोकून सांगतो. कारण चुकीच्या म्हणून जेवढ्या खुर्च्या आहेत, त्या सगळ्या माझ्या घेऊन झाल्यात.

आधी लोखंडी घेतल्या. आमच्या गावात पाऊस रोज दुपारी नोकरीवर आल्यासारखा येतो आणि रजा म्हणून घेत नाही. वर्षभरात त्या खुर्च्या अशा गंजल्या की पाहुणा उठला की त्याच्या पँटीवर खुर्चीचा नकाशा! मग प्लॅस्टिकच्या आणल्या. त्यांच्यावर शेवाळ धरलं आणि माझी मेहुणी बसल्या बसल्या घसरली ती थेट जास्वंदीत! मग वेताच्या. दुकानदार म्हणाला, "वेत जंगलातला हो, तो काय पावसाला घाबरतो?" खरंच नाही घाबरला. उलट पुन्हा जंगलात आल्यासारखं वाटून त्याच्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या!

त्या वेताच्या खुर्चीत अबाह अडकले आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

अबाह म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी, आवाज अठ्ठावीसचा. पहाटेपासून अंगणात बसायचं, ताडगूळ घातलेली काळी कॉफी प्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची, हा त्यांचा उद्योग. घरात बसा म्हटलं की म्हणतात, "आत बसायला मी काय कपाट आहे?" तर परवा ते बसले आणि खुर्चीचं बूड निसटलं. अबाह घडी घातल्यासारखे आत! गुडघे नाकाला, आणि हातातली कॉफी मात्र शाबूत. मी आणि माझी बायको इमास, दोघांनी ओढून काढलं.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "यायात, माझी पिशवी भर. या घरात मला बाहेर बसायला जागा नाही. रविवारी मी दादांगकडे बेकासीला चाललो."

दादांग माझा मेहुणा. चौथ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही, आणि बाल्कनीत एसीचं यंत्र बसलंय. तिथे अबाह महिनाभरही तगणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण म्हातारा हट्टाला पेटला! इमास रडायला लागली. "तीन वेळा सांगितलं, मला विचारून आणा. नाही! आता माझे वडील चालले. अहो, काही करा, पण त्यांना थांबवा."

मलाही वाईट वाटत होतं. खरं सांगतो, अबाह मला रोज उठून गाढव म्हणतात, पण ते गेले तर घर खायला उठेल.

मग मी पक्की योजना आखली. या वेळी दुकानदाराच्या शब्दावर जायचंच नाही! जेपाराहून सागवानी सामान आणणारा एक जण आहे, मास कासमुरी. त्याला म्हटलं, "तुझ्याकडचे सगळे नमुने घेऊन ये. माझ्या अंगणात मांड. पाऊस पडू दे, माणसं बसू देत. जी टिकेल ती माझी."

"अहो पाक यायात, आमचं सागवान आहे, जुन्या झाडाच्या गाभ्याचं! पितळी स्क्रू! तुम्ही पडाल, खुर्ची पडणार नाही."

"मी पडायचा प्रश्न नाहीये. सासरे पडायचा आहे."

बसून बघायला माणसं हवीत, म्हणून मी बुधवारी संध्याकाळी पलीकडच्या बू योयोहना (आमच्याकडे मानाने बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक) सांगून ठेवलं, "उद्या दुपारी आमच्याकडे खुर्च्या येताहेत, सगळ्यांना बसायला यायला सांगा." बू योयोहना सांगितलं की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. भोंगा नुसता नावाला आहे मशिदीत.

गुरुवारी इमास बहिणीकडे चिआंजुरला गेली. अबाह जेवून आत झोपले. कासमुरी आला, आणि त्याने पंधरा-वीस खुर्च्या अशा झकास रांगेत मांडल्या की मी स्वतःवरच खूश झालो.

"बाकं मागच्या गाडीत आहेत," तो म्हणाला. "ड्रायव्हर नवीन आहे. चुकायला नको म्हणून गल्लीच्या तोंडाशी खूण बांधून आलोय."

"शाबास!" मी म्हणालो. कसली खूण, ते विचारलं नाही. तो मागची गाडी शोधायला गेला आणि वेळेवर पाऊस सुरू झाला.

पहिले आले ते पाक सोबारी, आमच्या गल्लीचे प्रमुख. काळी टोपी, धुतलेला सरोंग, चेहरा एवढासा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

"धीर धरा, पाक यायात."

"धरलाय की!" मी म्हणालो. खुर्च्या बघायला येताना माणूस एवढा गंभीर? पण म्हटलं, प्रमुख आहेत. जबाबदारीने बघत असतील.

"अबाह...?" त्यांनी हळूच विचारलं.

"पडले हो परवा खुर्चीवरून."

"अरेरे! आता कुठे आहेत?"

"आत. शांत पडलेत अगदी."

"आंघोळ झाली?"

आता हा काय प्रश्न झाला? पण मी सभ्य माणूस. म्हणालो, "झाली की, सकाळीच."

"कुणी घातली?"

"घालायची कशाला? त्यांनी स्वतःच केली! वर कॉफी मागितली."

पाक सोबारींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते जाऊन खुर्चीवर बसले. मागोमाग गल्ली लोटली. जो तो येई, माझा हात दाबी आणि बसे. पाऊस कोसळत होता, पण एक माणूस उठायला तयार नाही! मला भरून आलं. शेजारी असावेत तर असे! मी छत्री घेऊन रांगेतून फिरायला लागलो.

"पाठीला कसं वाटतंय? टेकून बघा ना. हात ठेवा, हात!"

एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशा वेळीसुद्धा तुम्हाला आमच्या पाठीची काळजी!"

"मग? त्यासाठीच तर बोलावलंय!"

ते गृहस्थ शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. दोघांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला काही उमजेना.

मग बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात तांदूळ! माझ्या स्वयंपाकघरात शिरून माझ्याच टोपात ओतायला लागल्या. मी चक्रावलो. खुर्ची बघायला तांदूळ आणतात? इमास असती तर तिला विचारलं असतं. एकीने चूल पेटवली, दुसरीने कांदे चिरायला घेतले, तिसरी मला म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का? खायला हवं हो, उरलेल्यांनी जगायला हवं."

"मी आत्ताच भजी खाल्ली," मी म्हणालो. ती बिचारी हुंदका देऊन आत पळाली!

एवढ्यात चार तरुण ताडपत्री आणि गल्लीच्या खुर्च्या घेऊन आले. लग्न असो, बारसं असो, मयत असो, याच खुर्च्या. दरवर्षी हिरव्या रंगाचा जाड थर चढवलेल्या, लोखंडी सांगाड्याच्या, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'गल्ली चौथी'. मला राग आला. माझ्या सागवानाशेजारी हे ठोकळे? "या कशाला? यांना कोण बघणार?"

"असू देत, पाक यायात," पाक सोबारी मवाळपणे म्हणाले. "माणसं अजून येतील. चांगला माणूस होता."

होता? कोण होता? मी विचारणार, तेवढ्यात सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि प्रार्थना सुरू झाली. खुर्च्यांसाठी प्रार्थना! मनात म्हटलं, मागच्या तीन खेपांचा अनुभव गल्लीलाही आहे. मीसुद्धा मान खाली घातली.

आणि त्या गलक्याने अबाहंना जाग आली.

ते मागच्या दाराने बाहेर आले. लुंगी वर खोचलेली, डोक्यावर टोपी, हातात कप. पाहतात तर अंगणात ही गर्दी! सागवानी खुर्च्या भरलेल्या. ताडपत्री पुढच्या दोन रांगांनाच पुरली होती, तेव्हा शेवटच्या रांगेत, पावसात, एक हिरवी खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर जाऊन बसले. शेजारी पाक एंकोस, कोपऱ्यावरच्या घरातले. त्यांची मान खाली, डोळे मिटलेले.

"कोण गेलं?" अबाहंनी हळूच विचारलं.

"अबाह गेले," पाक एंकोस डोळे न उघडताच म्हणाले.

"कुठले अबाह?"

"या घरातले."

अबाहंनी कप खाली ठेवला. "अरेरे! कसे गेले?"

"खुर्चीवरून पडून म्हणे. जावयाने आणली होती."

"तो जावई गाढवच आहे!" अबाह म्हणाले. "माणूस कसा होता?"

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," पाक एंकोस म्हणाले, "पण तोंड म्हणजे फाटकं! माझ्या कोंबड्याला एवढ्या शिव्या दिल्या, एवढ्या शिव्या..."

"तुझा कोंबडा आहेच हरामखोर! मध्यरात्रीच आरवतो!"

आता पाक एंकोसनी डोळे उघडले. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळं एकदमच झालं! पाक एंकोस किंचाळून उडाले ते पुढच्या रांगेवर. पुढची रांग त्याच्या पुढच्या रांगेवर. स्वयंपाकघरातून एक बाई झारा घेऊन बाहेर आली, अबाहंना पाहिलं आणि झारा टाकून आत गेली. सागवान मात्र हललं नाही, हे मी नमूद करू इच्छितो. माणसं पडली, खुर्ची एक पडली नाही!

"म्हणजे अबाह आहेत!" पाक सोबारी धापा टाकत म्हणाले. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "मग... इमास?"

"ती गेली सकाळीच," मी म्हणालो.

"अरे देवा!"

"चिआंजुरला! बहिणीकडे! येईल आता. काय चाललंय हे? कुणी मला सांगेल का?"

तेवढ्यात फाटकातून बू योयोह धावत आल्या, एका हातात प्रवासाची पिशवी, दुसऱ्यात चप्पल. "कोण गेलं हो? गल्लीच्या तोंडाशी पिवळं निशाण लागलंय!"

पिवळं निशाण! माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी पिवळं फडकं लागतं ते एकाच कारणासाठी. ते दिसलं की माणूस विचारत बसत नाही. टोपी घालतो, बाई असेल तर तांदूळ घेते, आणि ज्या अंगणात खुर्च्या मांडल्या असतील तिथे जाऊन बसतो.

"पण बू योयोह, तुम्ही सगळ्यांना सांगितलं नव्हतं? खुर्च्यांचं?"

"मी कधी सांगणार? मी काल रात्रीच लेकीकडे सुकाबुमीला गेले. आत्ता उतरतेय गाडीतून!"

आणि मग चिंब भिजलेला कासमुरी आला. "पाक यायात, कमाल झाली! एवढं लांबून दिसेल असं पिवळं फडकं बांधलं, तर तो ड्रायव्हर तिथवर येऊन परत वळला! म्हणतो, आत मयत आहे, मी नाही गाडी घालत."

सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "आमच्याकडे जेपाराला पिवळ्या फडक्याचं असलं काही नसतं हो!"

कुणी काही बोलणार, तोच रस्त्यावरून इमासचा हंबरडा ऐकू आला. तिने निशाण पाहिलं होतं. आत धावली, अबाहंना पाहिलं, त्यांच्या गळ्यात पडली. "अबाह! तुम्ही आहात!" मग एकदम थबकली. "म्हणजे... अहो! अहोऽऽ!" असा टाहो तिने माझ्यासाठी फोडला, की बत्तीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच आपली किंमत कळली. मी गर्दीतून पुढे झालो.

"मी आहे. जिवंत आहे."

तिने डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं. सागवानाकडे पाहिलं. टोपातल्या तांदळाकडे पाहिलं.

"मग गेलं कोण?"

"कुणीच नाही."

"मग हे काय आहे?"

"खुर्च्या," मी म्हणालो. "यातली एक आपण घेतोय."

ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पाक सोबारींनी मध्ये पडून तिला शांत केलं. मी प्रत्येकाची माफी मागितली. तांदूळ शिजलाच होता, तेव्हा सगळे जेवले. हसू लागले. पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. अबाह! रविवार! मी कासमुरीची सगळ्यात चांगली खुर्ची उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"अबाह, बसून तर बघा. जुन्या झाडाचा गाभा आहे. जाऊ नका बेकासीला."

अबाह हलले नाहीत. एवढ्या गोंधळात ते त्या हिरव्या खुर्चीवरून उठलेच नव्हते! टोपीवरून पाणी ओघळत होतं आणि ते मजेत कॉफी पीत होते.

"ही," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वीस वर्षं बघतोय. लग्नात भिजते, मयतात भिजते. हिला काही होत नाही. हिच्यावर बसवत असाल तर राहतो."

इमासने माझ्याकडे पाहिलं. मी पाक सोबारींकडे पाहिलं. पाक सोबारी घसा खाकरून म्हणाले, "अबाह, ती गल्लीची आहे. विकत देता येत नाही. ज्या घरी मयत होतं त्याच घरी द्यायची, सात रात्री. नियम आहे."

"मग अडलंय कुठे?" अबाह म्हणाले. "माझ्यासाठी ती कधी ना कधी येणारच आहे ना? मी आगाऊ घेतोय, एवढंच!"

इमासने त्यांचा हात घट्ट धरला. पाक सोबारींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. वीस वर्षांत त्यांच्या नियमावर असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"राहू दे खुर्ची," ते शेवटी म्हणाले. "पण अबाह, घाई नाही बरं का! सावकाश परत करा."

अशी ती खुर्ची आमच्या अंगणात राहिली आणि अबाहही राहिले. गल्लीत कुणाकडे काही असलं की ते ती स्वतः डोक्यावर घेऊन जातात, तिच्यावरच बसतात आणि काम आटोपलं की घरी घेऊन येतात. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.

सागवानी संच मला घ्यावाच लागला. एवढी माणसं त्याच्यावर आदळल्यावर कासमुरी परत नेईना. पण इमास म्हणते, इतकी चांगली वस्तू पावसात ठेवायची म्हणजे काय! म्हणून तो बैठकीच्या खोलीत आहे, वर प्लॅस्टिकचं आवरण घालून. त्याच्यावर बसायची मला परवानगी नाही.

मी बाहेर पायरीवर बसतो. सिमेंटची आहे. बोगोरच्या पावसात सिमेंटची पायरी फार चांगली टिकते. कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा.