शिक्रापूरचा भाचा

माझ्या घराच्या पुढल्या अंगाला, रस्त्याला लागून एक गाळा आहे. मध्ये काही वर्षं तो रिकामा पडून होता. जागेत दोष नव्हता. मी एक खोटं बोललो होतो आणि एका माणसाने ते खरं मानलं होतं. त्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी एवढं कबूल करायला हवं, कारण म्हसू आप्पा स्वतःबद्दलची वाईट गोष्ट नेहमी सगळ्यात आधी सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर. टपरीवाल्याने त्यांच्यापुढे चहाचा ग्लास धरला होता आणि आप्पांनी दोन्ही हात मागे घेतले होते.

"आधी सांगतो, मी नादार हाय. कोर्टानं ठरवलेला. आता द्यायचा तर द्या."

"आप्पा, अर्धा चहा हाय त्यो. कर्ज न्हाई."

"पैसे उद्या देणार न्हवं मी? मग उधारीच झाली की."

दिवाळं निघालेल्या माणसाला कोर्ट नादार ठरवतं. नादारी उठेपर्यंत त्याने कुणाकडून मोठी उधारी घ्यायची तर आपण नादार आहोत, हे आधी सांगावं लागतं. वकिलाने आप्पांना हे एकदा समजावून दिलं होतं. मोठी म्हणजे केवढी, हे आप्पांनी विचारलंच नाही. चुकायला नको म्हणून ते सरसकट सगळ्यालाच सांगत. कुणाकडून चिमूटभर तंबाखू घेतानाही सांगत. एकदा मी त्यांना स्कूटरवर मागे बसा म्हणालो, तर एक पाय उचलून ते तसेच थांबले.

"भाऊसाहेब, आधी सांगतो..."

"आप्पा, स्कूटरवर बसून तुम्ही माझं काय बुडवणार?"

"पेट्रोल," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या मुलीला बघायला कासुर्डीची मंडळी आली, तेव्हा मीही बैठकीत होतो. पोहे यायच्या आतच आप्पा उभे राहिले आणि सांगून मोकळे झाले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आटोपलं. नवऱ्या मुलाचा बाप बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. मग म्हणाला, "लोक लग्न झाल्यावर बी सांगत न्हाईत. तुम्ही पोह्याच्या आधी सांगितलं. पोरगी द्या आमाला."

मी एकदा विचारलं, "आप्पा, थोडं लपवलं तर काय बिघडेल?"

"आमच्या बापानं मेंढरं राखली, भाऊसाहेब. कुणाच्या कळपातलं मेंढरू हे कळावं म्हणून कानाला खूण करत्यात. कोर्टानं माझ्या कानाला खूण केली. आता फेटा खाली वढून काय उपेग?"

दौंडला त्यांचा मंडपाचा मोठा धंदा होता. पंचक्रोशीतलं एकही मोठं लग्न आप्पांच्या कनातीशिवाय होत नसे. कर्ज काढून त्यांनी नवा माल भरला आणि त्याच उन्हाळ्यात गोदामाला आग लागली. घर, टेम्पो, उरलेसुरले खांब, सगळं देणेकऱ्यांत वाटलं गेलं. पुढे मुलगी सासरी गेली. बायको आधीच वारली होती. मंडपाचं कापड शिवायचं जुनं मशीन तेवढं त्यांच्याजवळ राहिलं. त्यावर ते शिरूरला ट्रकच्या ताडपत्र्या शिवू लागले. लग्नाचं आमंत्रण आलं तर जात, पण जेवायला बसत नसत. मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन एखादी दोरी ओढून बघत आणि ढिली असली तर कुणाला न सांगता गाठ आवळून येत.

तर हे आप्पा एका सकाळी माझ्याकडे आले. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो, आणि कारकुनाची सगळी भीती माझ्यात होती.

"भाऊसाहेब, आधी सांगतो, मी नादार हाय. तुमचा गाळा भाड्यानं पायजे. मशीन रोज हातगाडीवर वाहून पाठ गेली. डोक्यावर छप्पर आलं तर धंदा पुन्यांदा उभा राहील."

त्यांना तोंडावर नाही म्हणायची मला हिंमत झाली नाही. हो म्हणायची तर त्याहून नाही. मी म्हणालो, "अरेरे, आप्पा! शिक्रापूरला आमचा एक भाचा आहे. त्याला शब्द दिलाय."

असा कुणी भाचा मला नाही.

"शब्द दिला म्हंजी झालं," आप्पा म्हणाले. वाईट वाटल्याचं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. गाळ्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे त्यांनी चार बांबूंवर ताडपत्री ताणली आणि मशीन मांडलं.

त्यानंतर रोज ऑफिसला निघालो की पलीकडून हाक यायची. "भाऊसाहेब, भाचा कवा येतोय?" मग मला भाच्याला सांभाळावं लागलं. कधी तो आजारी पडला. कधी त्याला कंपनीत ओव्हरटाइम लागला. एकदा मी त्याचा साखरपुडाही केला. आप्पांनी मुलगी कुठली हे विचारलं आणि मी घाबरून पाबळ सांगितलं.

गाळ्याला भाडेकरू का मिळत नाही, हे मला कळेना. शेवटी एसटीडी बूथ टाकू पाहणारा एक मुलगा ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, समोरचे आप्पा म्हणाले, गाळा दिलेला हाय. भाऊसाहेबांचा शब्द हाय, हितं विचारू बी नका." असे त्यांनी किती जण परतवून लावले होते, कोण जाणे.

तावातावाने घरी आलो. गाळ्याच्या शटरवर जाड ताडपत्रीचा पडदा लागला होता. कडेला दुहेरी शिवण, बांधायला नव्या दोऱ्या. आप्पा शेवटची गाठ मारत होते.

"पावसाचं पानी थेट शटरवर येतंय," ते म्हणाले. "नव्या धंद्याला गंजलेलं शटर बरं न्हाई दिसत. पोरगं लांबून यायचंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी "बरं झालं" म्हणालो आणि आत गेलो. बायको म्हणाली, "तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते." ती बोलली नाही. मीही बोललो नाही. त्या पडद्यासमोरून ये-जा करताना मी खाली मान घालू लागलो.

पुढे एक दिवस आप्पा धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा घालून दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"सुटलो, भाऊसाहेब. कोर्टानं नादारी उठवली."

मी त्यांना बसवलं. बायकोने चहा आणला. आप्पांनी कपाकडे बघून सवयीने हात मागे घेतले. "आधी सांगतो..." एवढंच म्हणाले आणि अडकले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते स्वतःशीच हसले, मग हसू विरलं.

"आता बोलनं सुरू कुठनं करायचं, तेच समजंना," ते म्हणाले. "ते वाक्य बोललं की मानूस दोन घटका थांबायचं तरी. काय झालं, कसं झालं, इचारायचं. आता नुसत्या म्हसूजवळ कोन थांबतंय?"

त्यांनी पुडा उघडला, आम्हा दोघांना पेढे दिले आणि आणखी एक पेढा कागदात वेगळा बांधून माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो भाच्याला. आला की द्या."

पेढा अजून मऊ होता. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"आप्पा," मी म्हणालो, "आधी सांगतो. शिक्रापूरला माझा कुणी भाचा नाही. कधीच नव्हता. तुम्ही भाडं बुडवाल या भीतीने मी खोटं बोललो, आणि ते खोटं इतके दिवस तुम्ही राखलंत. माझं चुकलं, आप्पा. मला माफ करा."