सुमनताई आणि सेबाचं दुखणं

ग्वाल्हेरला इंदरगंजच्या माझ्या फळांच्या दुकानात सगळे सेबाचा भाव विचारतात. सुमनताई विचारतात, "मनोहर, ह्याच्या झाडानं काय खाल्लं होतं?"

ताई दौलतगंजला राहतात. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. रिटायर झाल्यापासून मला शिकवतात. सेब, म्हणजे पुण्याकडच्यांचं सफरचंद, हातात आला की चष्मा कपाळावर. देठाकडून बघणार, बुडाकडून बघणार, बोटानं साल दाबणार. मागे ही लाईन! एकदा एका पोरीनं वैतागून विचारलं, "आंटीजी, शादी करनी है क्या इससे?"

"नहीं बेटा, खाना है. शादी में लोग इतना नहीं देखते, वही तो गलती है."

गेल्या वर्षी माझी मोठी पंचाईत झाली. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेले लालबुंद सेब महिन्याभरात बिघडले. सालीवर बारीक खड्डे, आत तपकिरी डाग, चव कडू. लोक माल परत आणून समोर आपटायला लागले. मी कोल्ड स्टोरेजवाल्याशी भांडलो, तो माझ्याशी भांडला. वडिलांनी उभं केलेलं दुकान, आणि मला झोप लागेना.

ताईंनी पर्समधून सुरी काढली (त्यांच्या पर्समध्ये सुरी असते) आणि एक सेब उभा चिरला.

"त्या बिचाऱ्या गोदामवाल्याला उगीच शिव्या दिल्यास. हा गोदामात सडलेला नाही. ह्याला बागेतच कॅल्शियम कमी पडलंय. मालकानं झाडाला युरिया भरवला, फांद्या वारेमाप छाटल्या. झाड माजलं, कॅल्शियम सगळं पानांनी पळवलं, फळ राहिलं उपाशी. दुखणं तिकडचं, दिसलं इथे."

मी कोल्ड स्टोरेजवाल्याची माफी मागायला गेलो. ताईंनी पेटीवरचा नंबर फिरवला.

पेटी शिमल्याकडची होती. पलीकडे बागेचे मालक, ठाकूरजी. नमस्कार वगैरे काही नाही, ताईंनी एकदम विचारलं, "आपने पेड़ को क्या खिलाया?"

ठाकूरजी दचकले. "माताजी, आप सरकार से बोल रही हैं?"

"नहीं, ग्वालियर से!"

मग दर पंधरवड्याला फोन. युरिया आवरा, शेणखत द्या. बुंध्याशी वाळलेलं गवत पसरा, ओल टिकेल. पाणी बेतानं पण नेमानं. आज उपास, उद्या पंगत असं नको. फळ सुपारीएवढं झालं की कॅल्शियम फवारा, पुन्हा पुन्हा, आणि फवारा फळावर बसू द्या. तोडायची घाई करू नका. ठाकूरजी आधी वैतागले, मग लिहून घ्यायला लागले, आणि पुढे पुढे तेच फोन करायचे, "माताजी, कल ओले पड़ गए." ओले म्हणजे गारा.

ह्या हंगामात त्यांचा माल मी थेट संक्रांतीपर्यंत ठेवला. भीत भीत पेट्या उघडल्या. नावाला डाग नाही! दुकानाची अब्रू राहिली ती ताईंमुळे. एक पेटी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

आत पलंगावर ताईंचे यजमान बसले होते. आजारी असतात, एवढंच मी ऐकून होतो.

"तीन वर्षं झाली, ह्यांना काही आठवत नाही," ताई हळूच म्हणाल्या. "मीसुद्धा नाही. जेवायला नको म्हणतात, तेवढा सेब आवडीनं खातात. पण एखादी कडू फोड लागली ना, की दिवसभर तोंड उघडत नाहीत. म्हणून रे तुझ्या दुकानात एवढं बघत बसते."

त्यांनी पातळ फोड कापून भरवली. काकांनी सावकाश चावली. मग परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "छान आहे हो. अजून एक मिळेल का?"

ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "ठाकूरजी, आज इन्होंने दूसरी फाँक माँगी. आपके पेड़ों को मेरा नमस्कार कहिए..." आणि फोन माझ्या हातात दिला.

"माताजी ठीक तो हैं न?" पलीकडून घाबरा आवाज आला.

मी वळून बघितलं. ताई डोळे पुसत दुसरी फोड कापत होत्या, आणि काका हात पुढे करून बसले होते.

"ठीक हैं," मी म्हणालो. "बहुत ठीक हैं."