पहिला मान भुऱ्याजीचा

एका जंगलात एक बोकड राहत होता. बोकड जंगलात कसा, असं कुणी विचारायचं नाही. गोष्ट माझी आहे. ऐकायची तर ऐका, नाहीतर जा, मोबाईल चोखत बसा.

बोकडाचं नाव दाढोजी. दाढी लांब, अक्कल बेताची. बायको अंगानं काळीपांढरी, म्हणून तिला बांडी म्हणत. दोघांचं बरं चाललं होतं. पाला भरपूर होता. जंगलचा राजा वाघ, तो म्हातारा झाला होता, त्याला पळवत नव्हतं. आणखी काय पाहिजे? पण पोट भरलं की जनावराला खापरपणजोबा आठवतो. जिवंत बापाला पाणी विचारणार नाही, ते वेगळं.

त्या साली जंगलात घराण्याची साथ आली. कोल्हा म्हणाला, आमचे पूर्वज दिवाण होते. त्यानं बिळावर पाटी लावली. माकडं म्हणाली, आमचं घराणं लंकेपर्यंत जाऊन आलंय. डुकरानं तर आपल्या चिखलाला नाव दिलं, ‘पूर्वजकृपा’. हळूहळू तळ्यावर पाणीसुद्धा घराणं बघून मिळायला लागलं. दाढोजीचा नंबर शेवटचा. तोवर ‘पूर्वजकृपा’वाले पाण्यात लोळून गेलेले असायचे.

दाढोजी चिडला. “आपलंही घराणं असणार!”

“असणारच की,” बांडी म्हणाली. “नाहीतर तुम्ही काय झाडावरनं पडलात?”

“गप गं. तुला इतिहास कळत नाही.”

जंगलाच्या टोकाला एक गुहा होती. तिथं एक वटवाघूळ जुन्या नोंदी सांभाळायचं. गोरा साहेब बंदूक घेऊन जंगलात यायचा, त्या काळातल्या नोंदी. सगळ्या झाडाच्या सालींवर. लिपी मोडी आणि साली मोडीत काढण्याजोग्या. त्यात वटवाघूळ लटकून, उलटं वाचणार. पण मोठा विद्वान. येणाऱ्याचं तोंड बघून वाचायचं.

दाढोजी म्हणाला, “पंडितजी, आमच्यात कुणी मोठं होतं का बघा.”

वटवाघळानं त्याची दाढी बघितली. मग एक साल काढली. “सापडलं! भुऱ्याजी बोकड. तुमचे खापरपणजोबा.”

“काय लिहिलंय?”

“‘राजाच्या पंगतीत पहिल मान भुऱ्याजीच.’ ‘ल’च्या आणि ‘च’च्या पुढचं वाळवीनं खाल्लंय. पण काना असणार, दुसरं काय? पहिला मान भुऱ्याजीचा!”

दाढोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाची पंगत! पहिला मान!

बांडी मागं उभी राहून काटेरी पाला चघळत होती. ती म्हणाली, “पंडितजी, त्या पंगतीनंतर या भुऱ्याजी सासरेबुवांचं काय झालं?”

वटवाघळानं साली उलथ्यापालथ्या केल्या. “त्यानंतर त्यांचं नाव कुठंच नाही.”

“कुठंच नाही?”

“नाही.”

“वतन मिळालं असेल,” दाढोजी म्हणाला. “गेले असतील तिकडं निघून.”

“बायकोला न सांगता?”

“मोठी माणसं सांगत बसत नाहीत!”

बोकड स्वतःला माणूस म्हणायला लागला, तेव्हाच समजायचं की आता काही खरं नाही.

साल गळ्यात बांधून दाढोजी निघाला वाघाकडं. बांडीनं वाटेत आडवं पडून बघितलं. “अहो, तळ्यावर शेवटी पाणी मिळालं तरी मिळतंय ना? वाघाच्या दारात कशाला जाता?” तो तिच्यावरून उडी मारून गेला.

वाघ गुहेपुढं पडला होता. तीन दिवसांचा उपाशी. बोकड आपल्या पायांनी येतोय, हे बघून त्याला वाटलं, आपण मेलो आणि स्वर्गात आलो.

“सरकार,” दाढोजी वाकून म्हणाला, “आपल्या पंगतीत आमच्या घराण्याचा जुना हक्क आहे. तो मोडला गेलाय. पुन्हा चालू व्हावा.”

वाघानं साल हुंगली. “भुऱ्याजी, भुऱ्याजी... हां! माझ्या पणजोबांच्या तोंडी हे नाव होतं.”

“म्हणजे आपल्याकडंही नोंद आहे?”

“आम्ही लिहून ठेवत नाही दाढोजीराव. आमच्या घराण्यात सगळं तोंडीच.”

“मग पहिला मान...”

“पहिला नव्हे, पहिली,” वाघ प्रेमानं म्हणाला. “वाळवीनं काना नाही खाल्ला, वेलांटी खाल्ली. पहिली मान भुऱ्याजीची. त्यानंतर मांड्या, मग बाकीचं. आमच्यात रीत आहे तशी.”

दाढोजीनं तोंड उघडलं. पण बोलायला मान लागते.

संध्याकाळी गळ्यातली साल तेवढी वाऱ्यानं उडत तळ्यापाशी आली. बांडीनं ती ओळखली. तिला पोरं होती, पोरांना उद्या दाढ्या फुटणार होत्या. तिनं इकडंतिकडं बघितलं नाही. साल दातात धरली आणि चावून चावून गिळली.

झालं! जंगलभर बोंब उठली. कोल्हा ओरडला, “हिनं इतिहास खाल्ला!” डुक्कर म्हणालं, “घराण्याला काळिमा!” दाढोजीचा पुतळा उभा राहिला, वाघाकडं तोंड करून. बांडीला तळ्यावर यायची बंदी झाली.

आणि वटवाघूळ काय म्हणालं माहीत आहे? “काळजी नको. नक्कल आहे माझ्याकडं.”

दुसऱ्या दिवशी वटवाघळाच्या गुहेपुढं रांग लागली. मेंढ्या, ससे, भेकरं. सगळ्यांचं एकच म्हणणं. मान काय बोकडांनाच होता? आमच्याही पूर्वजांचं शोधा! वटवाघूळ शोधत होतं. सगळ्यांचं सापडत होतं. पलीकडं वाघ नवं बाळसं धरत होता.

बांडी पोरांना घेऊन दूर ओढ्याकाठी गेली. तिथं पाणी गढूळ होतं. पण पहिलं कोण पितं, हे बघायला कुणी नव्हतं.

तात्पर्य: पोरांनो, घराण्याचा अभिमान कधी सोडू नये. सगळे बांडीसारखे शहाणे झाले, तर म्हाताऱ्या वाघानं खायचं काय?