दाखवली पुढची चाकं

कुसवडे घाटात बर्फ पडायला लागून बरीच वर्षं झाली, पण चाकांना बांधायच्या साखळ्या तिथे अजूनही पाहण्याच्या कार्यक्रमातूनच ठरतात, आणि होकार साखळीचा लागतो. नकार आला तर गाडी हिवाळाभर दारात उभी. यावर कुणी कधी कुरकुर केलेली नाही. बर्फात चाकाला धरून फिरायचंय ते साखळीलाच, मग पसंती तिची नको?

वरकडे गावचा महिपती उतेकर या भानगडीत कधी पडला नव्हता. दिवाळी झाली की तो जीपवर ताडपत्री टाकायचा आणि शेकोटीशी बसायचा. यंदा मात्र त्याची लेक प्रणाली घाटाखाली तळगावला सासरी होती, तिला आठवा सरत आला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणजे व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रविवारनंतर प्रवास नाही. फोनवर प्रणाली एवढंच म्हणाली होती, "आबा, येताय ना?" तेवढ्यानं महिपतीची झोप उडाली.

पंचक्रोशीतल्या साखळ्या जमवायचं काम अनुसयामावशी जंगम करायची. महिपती तिच्या ओसरीवर जाऊन बसला.

"मावशी, काय बी करून दोन दिसांत जमवा."

"सोयरीक म्हंजी काय चहा हाय, उकळी आली की गाळला?" मावशी म्हणाली. "टायरचं माप सांग आधी."

टायरच्या कडेवर छापलेले आकडे महिपतीनं सांगितले. माप जुळल्याशिवाय मावशी पुढचं बोलायचीच नाही. सैल साखळी वळणावर सुटते, आणि घट्ट असेल ती मुळात चढतच नाही.

"दोन स्थळं हायत," मावशी म्हणाली. "एक शिडीच्या विणीचं. गरीब हायत बिचाऱ्या, पण चालताना खडखड लई, आन् आडव्या उतारावर जरा घसरत्यात. दुसऱ्या शंकरपाळीच्या विणीच्या, सख्ख्या बहिणी. पकड अशी की बर्फाची काय बिशाद! पण चिकित्सक."

महिपतीच्या डोळ्यांसमोर अवघडलेली लेक आली. "चिकित्सक चालत्याल," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी कार्यक्रम ठरला. आता अडचण अशी होती, की जीपची पुढची चाकं दिवाळीत नवी घातलेली, काळीभोर, नक्षी शाबूत. आणि मागची झिजलेली. जीपचा सगळा जोर मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे साखळ्या बांधायच्या त्या मागेच. हे महिपतीला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि अंगणातल्या कोंबड्यांनाही बहुधा माहीत असावं.

"बघाय येणार, तर चांगलं त्येच पुढं करायचं," बायको तारा म्हणाली. महिपतीनं जीप मागे मागे घेत थेट गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि पुढच्या चाकांना काळं पॉलिश लावलं. एकदा होकार आला की मग कोण बघतंय! हा विचार त्याला अगदी स्वतःचा वाटला. तो आपल्याकडे घरोघरी चालत आलेला आहे.

साखळ्या वेळेवर आल्या. त्यांना पाटावर बसवलं, पुढे पोह्यांच्या बशा ठेवल्या. साखळ्या पोहे खात नाहीत, म्हणून त्यांच्याही बशा मावशीनं संपवल्या.

"वेग किती?" थोरलीनं विचारलं. चांगल्या घराण्यातली असल्यामुळे ती शुद्ध बोलायची.

"तिशीच्या वर न्हाई जात," महिपती म्हणाला.

"कोरडा रस्ता लागला की आम्हाला उतरवाल ना? डांबरावर आमची हाडं मोडतात."

"लगीच उतरवंन."

"आणि बांधून थोडं पुढे गेल्यावर थांबून पुन्हा ताणून घ्याल?"

"घेईन की."

धाकटीनं पुढच्या चाकांकडे एकदा पाहिलं आणि मग उगाच पत्र्याच्या छपराकडे पाहत राहिली. मावशीनं ते लाजणं ओळखलं. होकार झाला, साखर वाटली, ताराच्या डोळ्यांत पाणीही आलं.

शनिवारी सकाळी घोटाभर बर्फ होता. महिपतीनं जीप भिंतीपासून पुढे घेतली आणि साखळ्या मागच्या चाकांमागे पसरल्या. पसरताच दोघी ताठ झाल्या.

"हे कोण?" थोरलीनं विचारलं.

"मागचे," महिपती पुटपुटला.

"दाखवला एक आणि बोहल्यावर उभा केला दुसराच!" धाकटी म्हणाली, आणि तिनं स्वतःला गाठ मारून घेतली.

मावशीला बोलावणं गेलं. ती आली ती कपाळाला हात लावूनच. तारा म्हणाली, पुढच्यांनाच बांधून टाका, नाहीतरी तेच पसंत आहेत. "बांध की," मावशी म्हणाली, "मागची चाकं जाग्यावर गरागरा फिरत्याल, आन् जीप जाईल शेपटाकडनं दरीत." मग महिपतीनं जॅक काढला. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, तासाभराचं तर काम.

"चाकांची अदलाबदल कराल हो," थोरली शांतपणे म्हणाली. "खोटं बोललात ते कुठे बसवणार?"

महिपती जॅक हातात घेऊन बर्फातच खाली बसला. त्याला लाज वाटली, खरोखरची.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्यांनी अजून वढलंय काय? पोरीला कॉलेजला न्यायचं-आणायचं, तिच्या लग्नाची भांडी, रुखवत, पाऊसपाण्यात समदं ह्या मागच्यांनीच वढलं. झिजलीत ती त्यानंच. आन् पाव्हणं येणार म्हटल्यावर मी ह्यांनाच भिंतीला लावून उभं केलं. आता तुमी न्हाई म्हणाला तर माजी लेक तिकडंच ऱ्हाईल. तिनं इचारलंय, येताय ना म्हणून. मी तिला काय सांगू?"

धाकटीची गाठ जरा सैल झाली. थोरली म्हणाली, "आम्हाला या मागच्यांशी जरा एकटं बोलायचंय."

ही मागणी रास्त होती. सगळे स्वयंपाकघरात गेले. मावशी मोठ्यानं खोकली, तारानं विनाकारण लसणाचा भाव काढला. टायर बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ज्यांना ओढायची सवय असते ते तसेही कमीच बोलतात. बऱ्याच वेळानं अंगणातून साखळीची कडी चाकाला लागल्याचा आवाज आला. आधी चाकाच्या आतल्या बाजूची, मग बाहेरची. रीत तशीच आहे.

महिपती निघाला. पहिल्या वळणानंतर थांबून त्यानं दोघींना ताणून घेतलं, म्हणजे शब्द पाळला. घाट उतरल्यावर बर्फ संपला तशा त्या सोडल्या, शेजारच्या सीटवर ताराच्या शालीत ठेवल्या. तळगावला चहा झाला, व्याह्यांनी सुनेला सांभाळून न्यायला सांगितलं, विहीणबाईंनी सुनेची ओटी भरली. प्रणाली हळूच जीपमध्ये बसली आणि वर घाटात बर्फ आहे की ऊन याची तिनं चौकशीही केली नाही.

घाटाच्या पायथ्याशी पुन्हा साखळ्या बांधून झाल्या. चढणीच्या तोंडाशी नाका आहे. तिथला शिपाई आडवा बांबू उचलण्याआधी साखळ्यांची जबानी घेतो. नियमच आहे तसा. तो मागच्या चाकांशी वाकला.

"राजीखुशीनं निघाला काय?"

"आम्ही हो," थोरली म्हणाली. "आत बसलेल्या मुलीला विचारलंत का?"

शिपाई बुचकळ्यात पडला. माणसांना विचारायचा नियम नव्हता. पण विचारू नये असाही नव्हता. त्यानं टोपी नीट केली आणि तो प्रणालीच्या खिडकीशी आला.

"ताई, तुमी राजीखुशीनं निघाला काय?"

प्रणालीच्या लग्नाच्या वेळीही पोहे झाले होते, पत्रिका जुळली होती, साखर वाटली होती. माणसं चांगली निघाली, तिचं वाईट काही झालं नाही. फक्त सगळे घाईत होते आणि हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. महिपतीलाही ते त्याच क्षणी आठवलं, आणि त्यानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"परत विचारा," प्रणाली म्हणाली.

शिपायानं परत विचारलं. ती खुदकन हसली, डोळे पुसले, पोटावर हात ठेवून नीट सावरून बसली.

"अजून एकदा."

मागे गाड्यांची रांग लागत चालली होती. हॉर्न कुणीच वाजवला नाही.